शेवट कळला नाही, की पटला नाही?

न्यू जर्सीतल्या ब्लूमफील्डमधलं एक जुनं आइस्क्रीम पार्लर. टोनी सोप्रानो आत येतो, टेबलाशी बसतो, ज्यूकबॉक्सवर गाणं लावतो. थोड्या वेळाने बायको कार्मेला येते, मग मुलगा एजे. ओनियन रिंग्जची बशी येते. बाहेर मुलगी मेडो गाडी लावतेय. एकदा जमत नाही, दुसऱ्यांदाही जमत नाही. काउंटरशी बसलेला एक अनोळखी माणूस उठून टॉयलेटकडे जातो. दारावरची घंटी वाजते. टोनी मान वर करतो आणि पडदा काळा होतो. गाणं शब्दावरच तुटतं. दहाएक सेकंद काहीच नाही. मग नामावली.

१० जून २००७ च्या रात्री अमेरिकेत सुमारे १ कोटी १९ लाख लोक हे पाहत होते. त्यातल्या कित्येकांना वाटलं, ऐन वेळी केबल गेली.

'द सोप्रानोज' ही एचबीओवरची मालिका जानेवारी १९९९ मध्ये सुरू झाली होती. ८६ भागांनंतर ती अशी संपली. माफियाचा हा म्होरक्या त्या टेबलावर मारला गेला की खाऊन-पिऊन घरी गेला, हे दिसतच नाही. त्या रात्रीपासून प्रेक्षकांत दोन तट आहेत. एक म्हणतो, आठ वर्षं आम्हाला झुलवलं. दुसरा म्हणतो, टीव्हीवर याहून चांगला शेवट झालेला नाही. दोघांनी पाहिली तीच मालिका, आणि जीवही तेवढाच लावला.

अशा मालिकांचा शेवटचा सीझन आला की हे भांडण ठरलेलं असतं. ज्यांना आवडलं ते नावडलेल्यांना मठ्ठ समजतात, आणि ज्यांना नाही आवडलं ते आवडलेल्यांना शिष्ट. मला दोन्ही आरोप खोटे वाटतात. तट पडतात त्यामागे बुद्धीचा फरक नाही. पहिल्या भागापासून मालिकेने आपल्याला काय कबूल केलंय, याबद्दल दोघांची समजूतच वेगळी असते. ती कशी, ते नीट पाहू. (पुढे काही मालिकांचे शेवट सांगितले आहेत. त्या पाहायच्या राहिल्या असतील तर इथेच थांबलेलं बरं.)

## 'खुला शेवट' म्हणजे नेमकं काय?

ज्या शेवटाचे एकाहून जास्त अर्थ लागतात आणि त्यातला खरा कोणता हे लेखक ठरवून देत नाही, त्याला खुला शेवट म्हणतात. व्याख्या सोपी आहे. गोंधळ होतो तो तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली टाकल्यामुळे.

समजा, तुम्हाला कोणाचं तरी लांबलचक पत्र आलं आणि शेवटचं पान गहाळ आहे. हे अपूर्ण पत्र. दुसऱ्या पत्राचं शेवटचं पान आहे, पण अक्षर लागत नाही. हे दुर्बोध पत्र. तिसरं पत्र पूर्ण आहे, अक्षर स्वच्छ आहे, आणि शेवटची ओळ आहे, 'आता मला तुझी वाट पाहावी लागणार नाही.' तो येतोय म्हणून, की तिने आशा सोडली म्हणून? शब्द सगळे कळले, तरी अर्थ दोन निघतात. खरा खुला शेवट हा असा असतो.

'काहीच कळलं नाही' म्हणणाऱ्याला बहुतेकदा पहिल्या किंवा दुसऱ्या पत्राचा राग आलेला असतो. आवडलेला माणूस बोलत असतो तिसऱ्या पत्राबद्दल.

## उधारी आणि फेड

रहस्यावर चालणारी मालिका ही एका अर्थाने उधारी असते. लेखक पहिल्या सीझनमध्ये प्रश्न टाकतो, म्हणजे आपल्याकडून वेळ आणि विश्वास उसना घेतो. उत्तरं मिळाली की थोडी फेड होते. पण बहुतेक मालिका फेडीपेक्षा उचल जास्त करतात, आणि सगळा हिशेब शेवटच्या सीझनवर येऊन पडतो.

'लॉस्ट'चं असंच झालं. विमान कोसळून एका बेटावर अडकलेल्या माणसांची ही गोष्ट एबीसी वाहिनीवर सप्टेंबर २००४ मध्ये सुरू झाली. बेटावर ध्रुवीय अस्वल, जंगलातून सरकणारा काळा धूर, आणि ४, ८, १५, १६, २३, ४२ हे सहा आकडे. त्यांची बेरीज १०८, आणि दर १०८ मिनिटांनी ते संगणकात भरायचे, नाहीतर अनर्थ. लोक वह्या घेऊन बसायचे. एका भागापासून दुसऱ्या भागापर्यंतचा आठवडा तर्क लढवण्यात जायचा. मे २००७ मध्ये वाहिनीने जाहीर केलं की आणखी ४८ भाग होतील आणि २०१० मध्ये मालिका संपेल. म्हणजे फेडीची तारीखही ठरली.

२३ मे २०१० ला शेवटचा भाग आला, आणि त्याने फेड केली ती वेगळ्याच नाण्यांत. आकड्यांचा संबंध काही माणसांशी जोडून झाला होता, पण हेच आकडे का, हे धड सांगितलं नाही. ज्या लहान मुलाभोवती सुरुवातीला एवढं गूढ रचलं होतं, तो मुख्य कथेतून केव्हाच जवळजवळ नाहीसा झाला होता. त्याऐवजी शेवटी ही माणसं एकमेकांना पुन्हा भेटतात, ओळखतात आणि निरोप घेतात. 'या माणसांचं काय होणार' या प्रश्नाला ज्यांनी कर्ज मानलं होतं, ते रडले आणि तृप्त झाले. ज्यांचं कर्ज 'या बेटाचं काय गौडबंगाल आहे' हे होतं, ते रिकाम्या हाताने उठले. इथे मी त्यांच्या बाजूने बोलेन. आकड्यांत गुंतवून ठेवायचं आणि मग 'आकडे महत्त्वाचे नव्हतेच' म्हणायचं, हे न्यायाचं नाही.

या शेवटाबद्दल एक गैरसमज मात्र दूर व्हायला हवा. 'ते सगळे पहिल्यापासून मेलेलेच होते' असं आजही पुष्कळ लोक सांगतात. मालिकेत तसं नाही. बेटावर जे घडलं ते खरं घडलं आणि ती माणसं आपापल्या वेळी मेली, काही आधी, काही पुष्कळ नंतर, असं नायकाचा बाप त्याला शेवटच्या प्रसंगात तोंडाने सांगतो. मग गैरसमज कुठून आला? नामावलीच्या वेळी रिकाम्या किनाऱ्यावर पडलेले विमानाचे अवशेष दाखवले गेले, आणि लोकांना तो पुरावा वाटला. ती दृश्यं गोष्टीचा भाग नव्हती. शेवटानंतर एकदम बातम्यांवर जाणं खटकू नये म्हणून वाहिनीने ती जोडली होती. काही सेकंदांच्या चित्रांनी एका स्पष्ट उत्तराला संदिग्ध करून टाकलं. म्हणून आधी विचारावं: शेवट कळला नाही, की कळला पण पटला नाही?

## शेवट नाही आवडला म्हणून सगळी मालिकाच वाया?

'मधली पाच वर्षं मजेत पाहिलीत ना, मग शेवटच्या तासाने काय एवढं बिघडलं?' असं अनेक जण समजूत घालायला जातात. समजूत पटत नाही, कारण आपली आठवण सरासरी काढत नाही.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एकदा ६० सेकंद १४ अंशांच्या गार पाण्यात हात बुडवायला लावला. दुसऱ्या वेळी तेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद, पण या ३० सेकंदांत पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणलं. दुसऱ्या खेपेत त्रास जास्त वेळ होता. तरी 'यातलं पुन्हा काय कराल?' असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेली खेप निवडली. अनुभवाचा सर्वांत तीव्र क्षण आणि त्याचा शेवट, यांवरून मन सगळ्याचा भाव ठरवतं.

शेवट नावडलेला माणूस म्हणून अतिशयोक्ती करत नसतो. त्याच्या आठवणीतली आधीची वर्षं खरोखरच कडवट झालेली असतात. त्याला 'प्रवास महत्त्वाचा' असं सांगून काही उपयोग नाही.

## काहींना अर्धवट का सोसवत नाही?

मानसशास्त्रात 'निष्कर्षाची ओढ' नावाची कल्पना आहे. प्रश्न अधांतरी राहण्यापेक्षा कोणतं तरी पक्कं उत्तर हाती यावं, ही ती ओढ. डोना वेबस्टर आणि एरी क्रुग्लान्स्की यांनी १९९४ मध्ये ती मोजण्यासाठी ४२ विधानांची प्रश्नावली तयार केली. कोणात ती जास्त असते, कोणात कमी, जसा कोणाला गोंगाट सोसवतो आणि कोणाला नाही. त्यात श्रेष्ठ-कनिष्ठ काही नाही.

ही ओढ परिस्थितीनेही वाढते, आणि आपल्या विषयाला हे फार लागू पडतं. माणूस थकलेला असेल, वेळेची घाई असेल, तर त्याला उत्तर लवकर हवंसं होतं. आता शेवटचा सीझन लोक कसा पाहतात ते आठवा. रात्री जागून, एका बैठकीत आठ भाग, कोणी आधी सांगून मजा घालवू नये म्हणून घाईघाईने. खुल्या शेवटासाठी याहून वाईट वेळ शोधून सापडणार नाही. प्रयोगाने सिद्ध झालंय म्हणून हे सांगत नाही, माझं निरीक्षण आहे. पण दोन दिवसांनी शांतपणे शेवटचा भाग पुन्हा पाहून मत बदललेली माणसं मी पाहिली आहेत.

आणि हे इंटरनेटने आणलेलं वेड आहे असंही समजू नका. ब्रिटनमध्ये 'द प्रिझनर'चा १७ वा, शेवटचा भाग फेब्रुवारी १९६८ मध्ये लागला. नायक ज्याला शोधतोय त्या 'नंबर वन'चा मुखवटा ओढतो, आत माकडाचा मुखवटा. तोही ओढतो, तर आत त्याचा स्वतःचाच चेहरा. लोक एवढे भडकले की आपल्याला काही काळ दडून बसावं लागलं, असं कर्ते-अभिनेते पॅट्रिक मॅक्गूहन पुढे सांगायचे.

## मग लेखकाने काहीही करावं आणि आम्ही त्याला खोल म्हणावं?

नाही. ही शंका अगदी रास्त आहे. शेवट सुचला नाही म्हणून तो उघडा टाकणारे लेखक असतातच, आणि 'प्रेक्षकांवर सोडलं' ही सबब फार सोयीची आहे.

मी पडद्यावर जे आहे तेवढंच हातात घेऊन पाहते की दोन्ही अर्थांना आधार सापडतो का. 'सोप्रानोज'मध्ये तो सापडतो. त्याच सीझनमध्ये होडीत बसून टोनी आणि त्याचा मेहुणा बॉबी बोलत असतात, आणि बॉबी म्हणतो की वेळ येते तेव्हा बहुधा आवाजही ऐकू येत नसेल. एका भागाआधी टोनीला ते बोलणं आठवलेलंही दाखवलंय. हे मनात ठेवून तो काळा पडदा पाहा: गाणं तुटलं, आवाज गेला, कारण ऐकणाराच गेला. आता दुसरा अर्थ. त्या चार-पाच मिनिटांत दार उघडलं की टोनी मान वर करतो, आणि प्रत्येक अनोळखी माणूस आपल्याला मारेकरी वाटायला लागतो. म्हणजे त्याच्या डोक्यात राहणं कसं असतं ते आपण अनुभवलं. तो त्या रात्री वाचला असेल, तर यापुढचा प्रत्येक दिवस त्याला असाच काढायचा आहे. दोन्ही अर्थ पूर्ण आहेत, दोन्हींना पडद्यावरचा पुरावा आहे. हा हातचलाखीचा शेवट नव्हे.

जिथे असा आधार नसतो, नुसतं धुकं असतं, तिथे प्रेक्षकाने चिडावं. तो त्याचा हक्क आहे.

## मालिकेच्या कर्त्यालाच विचारून टाकलं तर?

विचारलं की. डेव्हिड चेस यांना लोकांनी १४ वर्षं विचारलं. मालिकेचा कर्ता आणि लेखकांचा प्रमुख, म्हणजे ज्याला शोरनर म्हणतात, ते चेसच. शेवटी २०२१ मध्ये एका मुलाखतीत त्यांनी मान्य केलं की आपल्या मनात सुरुवातीला टोनीच्या मृत्यूचा प्रसंग होता. एका बैठकीला न्यूयॉर्कला जाताना आणि तिथे मारला जाताना त्यांनी तो कल्पिला होता, पार्लरचं पुढे सुचलं.

वाद मिटला नाही. मिटेल कसा? चेस यांच्या मनात काय होतं ते कळलं, पण आपण पाहिलेला प्रसंग तसूभरही बदलला नाही. पत्र लिहिणाऱ्याने नंतर फोन करून 'मला असं म्हणायचं होतं' सांगितलं, तरी हातातल्या कागदावरची ओळ तीच राहते. तुम्ही फोन धरता की कागद, यावरही पुन्हा दोन तट. मी कागद धरते.

## सरळ उत्तर दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

हा प्रयोग होऊन गेलाय. १९९० मध्ये 'ट्विन पीक्स' सुरू झाली तेव्हा अमेरिकेला एकच प्रश्न होता: लॉरा पामरला कोणी मारलं? मालिकेच्या दोन कर्त्यांपैकी एक, डेव्हिड लिंच, यांना तो प्रश्न मालिकेभर जिवंत ठेवायचा होता. वाहिनीला उत्तर हवं होतं. नोव्हेंबर १९९० मध्ये, दुसऱ्या सीझनच्या सातव्या भागात खुनी उघड झाला. त्यानंतर प्रेक्षक ओसरत गेले आणि जून १९९१ मध्ये मालिका संपली. प्रसारणाचा वार गैरसोयीचा होता, हेही कारण होतंच. पण लोक ज्या उत्तरासाठी आरडाओरडा करत होते, ते मिळाल्यावर राहिले मात्र नाहीत.

२०१७ मध्ये मालिका १८ भागांचा सीझन घेऊन परतली, आणि या वेळी लिंच यांनी कोणाचं ऐकलं नाही. शेवटच्या प्रसंगात नायक रस्त्यावर उभा राहून विचारतो, हे कोणतं साल आहे? शेजारची बाई किंचाळते, घरातले दिवे जातात, संपलं. मी अजून या शेवटाशी झगडते आहे. आवडला असं म्हणवत नाही, सोडवतही नाही.

## नोरा खरं बोलली का?

आता ज्या मालिकेसाठी हे सगळं लिहायला घेतलं तिच्याकडे येते. 'द लेफ्टओव्हर्स', एचबीओ, २०१४ ते २०१७, तीन सीझन, अवघे २८ भाग. १४ ऑक्टोबर या दिवशी जगातली २ टक्के माणसं, सुमारे १४ कोटी, एका क्षणात नाहीशी होतात. का, कुठे, कोणालाच कळत नाही. टॉम पेरोटा यांनी आपल्याच कादंबरीवरून डेमन लिंडेलॉफ यांच्याबरोबर ही मालिका उभी केली. हे लिंडेलॉफ म्हणजे 'लॉस्ट'च्या शेवटासाठी ज्यांनी वर्षानुवर्षं शिव्या खाल्ल्या तेच. या वेळी उधारीचा घोळ नको म्हणून की काय, दुसऱ्या सीझनला शीर्षकगीतच असं घेतलं की ज्याचा अर्थ 'गूढ आहे, ते तसंच असू द्या'. म्हणजे अट आधीच सांगून टाकली.

नोरा डर्स्टचा नवरा आणि दोन मुलं स्वयंपाकघरात न्याहारी करताना गेली. तिची पाठ वळलेली होती, तेवढ्यात. त्यानंतर मुलांच्या आवडीचे सीरिअलचे डबे ती विकत आणत राहते, जुने झाले की टाकते, नवे ठेवते. शेवटच्या सीझनमध्ये ऑस्ट्रेलियात तिला एक यंत्र सापडतं; गेलेली माणसं जिथे आहेत तिथे ते पोचवतं म्हणे. ती आत बसते. द्रव वर चढत येतो, गळ्यापर्यंत, तोंडापर्यंत. ती तोंड उघडते, आणि दृश्य तुटतं.

पुढे ती दिसते ती म्हातारी होऊन. ऑस्ट्रेलियातल्याच एका खेड्यात, नाव बदलून, कबुतरं सांभाळत. तिचा जुना सोबती केविन तिला शोधत येतो. टेबलाशी बसून ती सांगते: मी गेले होते पलीकडे. तिथे २ टक्केच माणसं उरली होती, बाकीचं जग गेलेलं. खूप प्रवास करून घरी पोचले. लांबून पाहिलं. मुलं मोठी झाली होती, नवऱ्यासोबत दुसरी बाई होती, सगळे सुखात होते. तिथे माझी जागा नव्हती. मग ते यंत्र बनवणाऱ्या माणसाला गाठलं आणि परत आले. यातलं एकही दृश्य दाखवत नाहीत. फक्त तिचा चेहरा. केविन म्हणतो, माझा विश्वास आहे.

हे मी माझ्या थोरल्या बहिणीसोबत पाहत होते. नामावली सुरू झाली तशी ताई म्हणाली, "खोटं बोलतेय ती."

"कशावरून? ताई, तिचा चेहरा बघितलास ना?"

"अगं, परत यायला तिथे यंत्र बनवलं म्हणे. मग तो माणूस तिथल्या सगळ्यांनाच घरी का नाही पाठवत?"

मला उत्तर सुचेना. मी चिडून म्हणाले, "म्हणजे तुला आवडलंच नाही."

"मी खोटं म्हटलं, वाईट कुठे म्हटलं?" ताईचे डोळे भरलेले होते. "मुलं सुखात आहेत असं समजून जगायचं ठरवलंय तिने. आणि तो ते मोडत नाहीये."

तोवर मी समजत होते की विश्वास ठेवणाऱ्यांना शेवट आवडतो आणि न ठेवणाऱ्यांना नाही. ताईने एकाही शब्दावर विश्वास ठेवला नव्हता, तरी शेवट तिच्यापर्यंत माझ्याइतकाच पोचला होता. तिला मिळालेली गोष्ट कदाचित माझ्या गोष्टीहून जास्त दुःखी होती. ज्यांना हा शेवट अजिबात रुचला नाही, त्यांच्याशी नंतर बोलले, तेव्हा लक्षात आलं की त्यांचा प्रश्न नोराबद्दल नव्हताच. त्यांना १४ कोटी माणसांचा हिशेब हवा होता. मालिका तो कधीच देणार नव्हती, तीन सीझन तेच सांगत होती. पण गोष्टीच्या दारावर एवढं मोठं कोडं टांगल्यावर कोणी ते सोडवायला बसला, तर त्याला दोष कसा द्यायचा?

पुढे आम्ही तो भाग पुन्हा पाहिला. त्या वेळी मला यंत्रातला तो क्षण छळत राहिला. तोंड उघडते ते श्वास घेण्यासाठी, की 'थांबवा' म्हणून ओरडण्यासाठी? माझा विश्वास डळमळला. तसं म्हणाले, तर ताईने लगेच उत्तर दिलं नाही. पडद्यावर शेवटचं दृश्य चाललं होतं. संध्याकाळ, नोराचं घर, आणि एकेक करून खुराड्याकडे परतणारी कबुतरं. ताईने तिथे थांबवलं आणि म्हणाली, "ही परत आलेली मात्र दाखवलीयेत हं."